स्टेशनमास्तरांची खोली

दिवाळीतला किल्ला कोणी मापाने बांधीत नाही. बुरुजापेक्षा मावळा उंच असतो, महाराजांच्या सिंहासनाशेजारी मातीची गाय रवंथ करीत उभी असते आणि पायथ्याशी उगवलेल्या हळिवाच्या शेतात वाघ निवांत बसलेला असतो. यात कोणाला काही खटकत नाही, खटकूही नये. किल्ल्याची मौज निराळी. परंतु जो मुलगा एखाद्या दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी खेळातल्या आगगाडीचे रूळ मांडतो, त्याचे मात्र पुढे काही खरे नसते. दोन-तीन वर्षांत त्याला माप कळू लागते. इंजिनाच्या मानाने बोगदा ठेंगणा आहे, सिग्नलच्या मानाने गार्ड उंच आहे, असे त्याला दिसू लागते. आणि एकदा दिसू लागले की ते दिसायचे थांबत नाही. मग तो मुलगा बारा वर्षांचा असो की बासष्ट वर्षांचा, दिवाणखान्यातले एक टेबल कायमचे अडते आणि घरच्या गृहिणीच्या कपाळावर एक आठीही कायमची पडते.

अशाच घरांतून या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांत एक प्रश्न पुन:पुन्हा दिसतो. "स्टेशनची इमारत बाहेरून पुरी झाली. कौले बसली, फलाट झाला, नावाची पाटी लागली. आता आत काय ठेवू आणि रंग कोणते देऊ?" प्रश्न साधा दिसतो, पण गेल्या कित्येक वर्षांत या छंदाविषयी मला विचारले गेलेले जे प्रश्न आहेत, त्यांत याच्याइतका चांगला प्रश्न दुसरा नाही. कारण बाहेरचे स्टेशन सगळ्यांनी पाहिलेले असते. आतली खोली फार थोड्यांनी पाहिलेली असते, आणि ज्यांनी पाहिली ते आता थकत चालले आहेत.

पुष्कळजण आतली बाजू पोकळच ठेवतात. दिवसाउजेडी ते चालूनही जाते; खिडकीमागे अंधार दिसला तर कोणी चौकशी करीत नाही. पण संध्याकाळी हौसेने आत दिवा लावला की सारे सोंग उघडे पडते. खिडकीतून पलीकडची खिडकी दिसते, मध्ये शून्य. भाड्याने द्यावयाच्या घरासारखे! म्हणून मग काहीजण बाजारातून तयार टेबल-खुर्च्यांची पुडी आणतात आणि त्या रांगेने चिकटवून टाकतात. याने तर आणखीच बिघडते. स्टेशनमास्तरांची खोली लाकडी सामानाने भरत नसते, ती कामाने भरत असते. तिथे काय काम चालते हे कळले की सामान कुठे ठेवावयाचे हे आपोआप कळते, आणि रंगही बव्हंशी त्यातूनच निघतात.

आधी मापाचे उरकून घेऊ. आपल्याकडील बहुतेक हौशी मंडळी एचओ मापात काम करतात. म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी प्रतिकृती. खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. पाच फूट सहा इंचांचा मास्तर या हिशेबाने सव्वाएकोणीस मिलिमीटरचा होतो. आपल्या ब्रॉडगेज रुळांची रुंदीही नेमकी पाच फूट सहा इंच. तेव्हा रुळांमध्येही सव्वाएकोणीस मिलिमीटरच अंतर हवे. पण बाजारात मिळणारे रूळ परदेशी गेजाचे, साडेसोळा मिलिमीटरचे. बाहेर ही तडजोड करावीच लागते, आणि जाणकार पाहुणे तिच्यावर बोट ठेवतातच. खोलीच्या आत मात्र अशी तडजोड कोणी मागत नाही. अडीच फुटी टेबल पावणेनऊ मिलिमीटर उंच, खुर्चीची बैठक सव्वापाच, सहा फुटी बाक एकवीस लांब, आणि भिंतीवरच्या एक फुटी घड्याळाची तबकडी साडेतीन मिलिमीटरची. हे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलापाशी टांगून ठेवावेत. विलायती दुकानांतील बरेच सामान ओओ मापाचे, म्हणजे ७६ व्या भागाचे असते. ते सुमारे सातव्या हिश्शाने मोठे भरते. एकटे पाहिले तर कळत नाही. पण दोन्ही मापांच्या खुर्च्या शेजारी ठेवल्या की मास्तर एका खुर्चीत नीट बसतो आणि दुसरीत बाळासारखा पाय लोंबकळवितो.

तयार सामानाच्या पुड्यांत दुसरी एक गंमत असते. अमेरिकेत लहान गावच्या स्टेशनाला डेपो म्हणत, आणि तेथील हौशी मंडळींनी या डेपोच्या आतल्या सजावटीचा फार बारकाईने अभ्यास केलेला आहे. रुळांच्या बाजूला भिंतीतून पुढे आलेली खिडकी, म्हणजे आत बसल्या बसल्या दोन्ही दिशांना गाडी दिसावी. तिच्यात तारमास्तराचे टेबल. आणि खोलीच्या मध्यावर पोट सुटलेली लोखंडी शेगडी. तारेच्या यंत्राची टिकटिक मोठ्याने ऐकू यावी म्हणून कित्येक तारमास्तर यंत्रामागे 'प्रिन्स अल्बर्ट' तंबाखूचा रिकामा डबा खोचून ठेवीत. तो लाल डबा तिकडची मंडळी आपल्या प्रतिकृतीत आवर्जून दाखवितात, आणि तो योग्यच आहे. त्या एका डब्याने ती खोली जिवंत होते. परंतु तीच पुडी आपल्याकडे येते, आणि मग मनमाडच्या अलीकडचे स्टेशन, मे महिन्याची दुपार, कौलांतून ऊन गळते आहे आणि मास्तरांच्या खोलीत मधोमध शेगडी, असा देखावा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. मास्तर बिचारे करणार काय! बसले होते.

तेव्हा पुडी फोडण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात : स्टेशन कोणत्या मार्गावरचे, साल कोणते आणि वेळ कोणती. मी उदाहरणादाखल दौंड-मनमाड मार्गाला शोभेल असे एक काल्पनिक स्टेशन घेतो. एकेरी मार्ग, वाफेची इंजिने. साल १९५५, महिना डिसेंबर, वेळ संध्याकाळी सातची.

साल ठरले की बघा कशी भराभर उत्तरे मिळू लागतात. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी रेल्वे आणि आणखी काही रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. म्हणजे १९५५ साली कागदांवर, सूचनांवर मध्य रेल्वे. परंतु लाकडी सामान काही कोणी एका रात्रीत जाळले नाही. कपाटावर, बाकाच्या पाठीवर जी.आय.पी. ही अक्षरे तशीच राहिली. सरकारी टेबलाला निवृत्तीचे वय नसते. भाड्याचा तक्ता रुपये-आणे-पैचा, कारण नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी. पार्सलचा काटा मण-शेरांचा, कारण मेट्रिक मापांचा कायदाच १९५६ चा. दारावरच्या पाटीत तिसरा वर्ग आहे, कारण तो १९७४ पर्यंत होता. आणि भिंतीवरचे घड्याळ? तेथे रेल्वेची, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. ही प्रमाणवेळ १९०६ सालापासूनची. पण मुंबई शहराने आपली स्वतंत्र 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. त्याआधीच्या सालातले मुंबईचे स्टेशन कोणी करील तर त्याला स्टेशनातले घड्याळ आणि गावातले घड्याळ यांत ती एकोणचाळीस मिनिटे ठेवावी लागतील. साडेतीन मिलिमीटरच्या तबकडीत ती कोणाला दिसणार, असे म्हणू नये. दिसणारा एकजण तरी भेटतो, आणि तो नेमका पाहुण्यांसमोर बोलतो.

आता खोलीत जाऊ. एकेरी मार्गावरील स्टेशनात सगळ्यात महत्त्वाची वस्तू टेबल नव्हे, तर टोकनचे यंत्र. नील यांचे गोळा-टोकन यंत्र आपल्या देशात फार वापरले गेले. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या धावावयाच्या, तेव्हा दोन स्टेशनांमधल्या तुकड्यावर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी ड्रायव्हरच्या हाती एक पोलादी गोळा असल्याखेरीज त्याने पुढे जावयाचे नाही, आणि पुढच्या स्टेशनच्या मास्तरांनी आपल्या यंत्रावरून संमती दिल्याखेरीज तो गोळा यंत्रातून बाहेरच पडावयाचा नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळा कातडी पिशवीत घालून ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. चालत्या इंजिनावरून हात घालून ते कडे उचलावयाचे. शेकडो माणसांचे प्राण रोज रात्री या गोळ्यावर विसंबून असत. अशा यंत्राशिवाय मास्तरांची खोली म्हणजे देवाशिवाय देव्हारा.

यंत्रे दोन हवीत : एक अलीकडच्या स्टेशनशी बोलणारे, दुसरे पलीकडच्या. एचओ मापात प्रत्येक यंत्र म्हणजे बोटाच्या नखाएवढा उभा ठोकळा. वरच्या अंगाला घंटीसाठी अर्धी मोहरी, दर्शनी बाजूला काट्याच्या तबकडीचा पांढरा ठिपका, आणि जिथे हात लागतो तिथे पितळी रंगाचा एक स्पर्श. कारण हात लागून लागून पितळ चकचकीत राहते, बाकीचे यंत्र मंद असते. भिंतीतून बाहेर खांबाकडे जाणाऱ्या तारा विसरू नयेत. आणि दाराजवळ खुंटीवर वेताची कडी. तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे केले की कडे तयार.

तिकिटाच्या खिडकीची बाजू वेगळी. तेथील कपाटाची गोष्ट मला नेहमीच आवडते. जाड पुठ्ठ्याचे, आकडे छापलेले तिकीट टॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस काढले. आणि हा गृहस्थ मूळचा कपाटे करणारा सुतार होता. तेव्हा तिकिटाबरोबर तिकिटे ठेवावयाचे लाकडी कपाट, त्यातले उभे खण आणि तारीख उमटविण्याचे यंत्र, सगळा संसार त्याने एकत्र मांडला यात नवल नाही. तिकीट सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंचाला थोडेसे कमी रुंद. एचओ मापात त्याची लांबी पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. वेगवेगळी तिकिटे करण्याच्या नादी शहाण्याने लागू नये. कपाटाचे उभे खण पेन्सिलीच्या रेघांनी दाखवावेत आणि प्रत्येक खणाच्या तळाशी फिकट रंगाचा एकेक ठिपका द्यावा. कारण तिकीट खालून काढीत. तो ठिपका तळाशी आहे की वर, एवढ्यावरून करणाऱ्याने विचारपूस केली की नाही ते कळते.

आमच्याच सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलाने असे स्टेशन केले. हात फार सुरेख. टेबल, खुर्ची, यंत्रे, कपाट, सारे मापात. खालच्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात, वय नव्वदीच्या घरात. त्यांना धरून वर आणले. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाळ, हा मास्तर कोणाकडे बघतो आहे?"

"रजिस्टराकडे, आजोबा. लिहितो आहे."

"लिहू दे. पण गाडी आली तर ती त्याला दिसणार कुठून? दाराकडे पाठ करून कोणी बसतो का, अरे?"

मग त्यांनी सुनेच्या केसांतला आकडा मागून घेतला आणि त्याच्या टोकाने सामान हलवावयास सुरुवात केली. टेबल फलाटाच्या खिडकीला लावले, बसल्या जागी दोन्ही सिग्नल दिसतील असे. यंत्रे उजव्या हाताच्या भिंतीला, टाक खाली न ठेवता डावा हात पोचेल इतकी जवळ. तिजोरी तिकिटाच्या खिडकीसमोरून काढून आतल्या कोपऱ्यात, "म्हणजे बाहेरच्याला तिचे दार उघडे की बंद ते दिसू नये." पाण्याची सुरई मागच्या खिडकीत, वाऱ्याला. मुलाने टेबलासमोर पाहुण्यांसाठी दुसरी खुर्ची ठेवली होती. ती त्यांनी आकड्याने उचलून बाहेरच काढली. "ही ठेवलीस की गावचे पाटील येऊन बसतात, ते मालगाडी गेल्याशिवाय उठत नाहीत!"

दोन तास ते बोलत होते. रात्री बेल वाजली की डोळे उघडण्याआधी हात यंत्राकडे कसा जाई, एकदा पावसात पलीकडून उत्तरच येईना तेव्हा पॅसेंजर तासभर कशी उभी ठेवली आणि खाली उतारूंनी काय काय शिव्या दिल्या, हे सारे निघाले. सून दारात उभी राहून ऐकत होती. लग्न होऊन तिला तीस वर्षे झाली. यातले एक अक्षर तिने कधी ऐकले नव्हते. विचारलेच नव्हते कोणी. मुलगा मात्र शहाणा. त्याने पेन्सिल घेऊन चौकटींच्या कागदावर खोलीचा नकाशा उतरवून घेतला. इमारतीचे नकाशे रेल्वेच्या दप्तरांत असतात. पण खुर्ची कोणत्या अंगाला आणि सुरई कोणत्या खिडकीत, हे कोणत्या इंजिनियराने काढून ठेवले आहे? ते फक्त अशा माणसांच्या डोक्यात असते.

उतारूंच्या खोलीबद्दल थोडे निराळे सांगावयाचे आहे. वरच्या वर्गाच्या प्रतीक्षालयात वेताच्या बैठकीची, लांब हातांची आरामखुर्ची, मोठे गोल टेबल, भिंतीला आरसा. तिसऱ्या वर्गाला बहुधा उघडी पडवी, एखादा बाक आणि बाकीचे आपापल्या गाठोड्यावर. प्रतिकृती करणाऱ्याला आरामखुर्ची करण्याचा मोह होतो, कारण ती दिसते छान. पण छप्पर उचलून पाहणाऱ्याला खुर्चीतला एकजण आणि जमिनीवरचे पंधराजण एकदम दिसले पाहिजेत; तेच त्या इमारतीचे खरे चित्र आहे. आणि ज्यांना स्वातंत्र्यापूर्वीचे साल घ्यावयाचे आहे त्यांनी तर अधिकच प्रामाणिक राहावे. कित्येक स्टेशनांवर तेव्हा हिंदूंच्या पाण्याचे आणि मुसलमानांच्या पाण्याचे माठ वेगळे असत, गोऱ्या उतारूंच्या खोल्या वेगळ्या असत. हे दाखवू नये, दिवाळीच्या दिवसांत पाहुण्यांना वाईट दिसेल, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. इंजिनाचा रंग सालाप्रमाणे अचूक हवा म्हणून आपण महिना-महिना हुज्जत घालतो. मग माठ तेवढे सोयीप्रमाणे एक करावयाचे, हा कोणता हिशेब? ज्याला ते दाखवावयाचे नसतील त्याने १९५५ घ्यावे.

आता रंग. येथे बहुतेकांचा हात सढळ होतो. बाटलीतला रंग जसाच्या तसा लावला की टेबल चॉकलेटच्या वडीसारखे दिसते. लहान वस्तू जवळून पाहिली तरी आपले मन ती लांबची म्हणूनच पाहत असते, आणि लांबचे रंग फिकट, किंचित करडे दिसतात. म्हणून निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा हे दोन रंग खोलीच्या आत वापरूच नयेत. काळ्याच्या जागी गडद करडा, पांढऱ्याच्या जागी दुधात थेंबभर चहा पडल्यासारखा पांढरा. जुने सागवान करावयाचे तर आधी पिवळसर तपकिरी हात, तो वाळल्यावर त्यावर पातळ केलेला गडद तपकिरी; आणि टेबलाची पुढची कड, खुर्चीचे हात, कपाटाच्या मुठीभोवतीची जागा, जिथे पन्नास वर्षे माणसांचे हात फिरले ती थोडी उजळ ठेवावी. सगळे फर्निचर एका रंगाचे कधीच करू नये. टेबल एका काळातले, बाक दुसऱ्या काळातला, आणि एखादे स्टूल गावच्या सुताराकडून आलेले, पॉलिशाशिवायचे.

भिंतींना वर चुन्याची सफेती आणि खाली माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत गडद पट्टा, ही आपल्या सरकारी इमारतींची जुनी रीत. पट्टा शोभेसाठी नसतो. तेलकट डोकी, ओले हात आणि गाठोडी भिंतीला टेकतात म्हणून असतो. एचओ मापात तो चौदा मिलिमीटर धरावा. आजोबांनी त्यातही एक गोष्ट सांगितली : बाकामागच्या भिंतीवर, पट्ट्याच्या वर, डोक्यांच्या तेलाचे डाग रांगेने असत. सफेतीवर पातळ तपकिरी रंगाचे तीन अस्पष्ट ठिपके दिले की बाकावर एकही माणूस न बसविता तेथे माणसे बसतात असे दिसते. फरशी करड्या रंगाची. मास्तरांच्या टेबलापासून दारापर्यंत किंचित झिजलेली वाट. कोपऱ्यांत खडूची तपकिरी भुकटी बोटाने चोळावी, तीच धूळ. तिजोरीच्या कडांवर पेन्सिलीचे शिसे घासले की लोखंडाची झिलई येते.

झगझगीत रंगाला खोलीत फार थोडी जागा द्यावी. दाराबाहेर टांगलेल्या वाळूच्या लाल बादल्या, रजिस्टरांच्या बांधणीचे लाल कापड, हातबत्तीच्या तांबड्या-हिरव्या काचा. एवढे पुरे. बाकी सारे मळकट असले म्हणजे हे लाल ठिपके दहा पावलांवरून दिसतात. रंग देताना मात्र ज्या दिव्याखाली खोली पाहावयाची आहे त्याच दिव्याखाली द्यावेत. पिवळट उजेडात निळा रंग मरतो आणि लाल चढतो. खिडकीत बसून उन्हात दिलेला सुंदर निळा दरवाजा रात्री काळा ठिक्कर दिसतो.

दिव्यांच्या बाबतीत आजच्या छांदिष्टांचे भाग्य थोर आहे. पूर्वी लहान बल्ब वापरीत. ते तापत आणि पुठ्ठ्याचे छप्पर पिवळे पडे. आता एलईडी जवळजवळ तापतच नाही. पिवळट उजेडाचा एलईडी घ्यावा. बारा व्होल्टवर त्याच्याबरोबर एक हजार ओहमचा रोधक जोडला की विजेच्या दिव्याएवढा उजेड पडतो. कंदिलाचा उजेड हवा असेल तर चार हजार सातशे ओहमचा जोडावा. आमच्या १९५५ च्या आडगावच्या स्टेशनात अर्थातच कंदील. तो छताच्या मधोमध न लावता टेबलाच्या वर, थोडा खाली टांगावा. म्हणजे रजिस्टर, मास्तरांचे हात आणि यंत्राचे पितळ उजळते, कोपरे अंधारात राहतात. आणि कोपऱ्यांतले सामान करण्याचे निम्मे श्रम वाचतात. भिंतींना आतून आधी काळ्या रंगाचा एक हात द्यावा, मग वरून सफेती. नाहीतर सबंध इमारत आकाशकंदिलासारखी उजळते, आणि तो मान या दिवसांत ज्याचा त्याला राहू द्यावा. लहान मापातले गाव कसे दिसते हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना घेऊन जावे. पण मुलांना पुढे उभे करून स्वत: मागे राहण्याची तयारी ठेवावी.

सामानासाठी बाजारात जावयाची गरज नाही. दर लग्नसराईत घरात जमणाऱ्या पत्रिका हा या छंदाचा सर्वांत मोठा ठेवा आहे. त्या कागदाची टेबले, कपाटे, भाड्याचा तक्ता, सगळे होते. उदबत्तीची काडी म्हणजे बाकाचा पाय. खराट्याचा हीर चिरला की खुर्चीचे हात निघतात. सुरईला धणा चालतो, वर मातीचा रंग. वेताची बैठक करण्यासाठी मच्छरदाणीचा तुकडा कापू नये. तिचे भोक मोजले तर एचओ मापात चार-पाच इंचांचे भरेल, मास्तर त्यातून खाली पडतील. फिकट पिवळसर कागदावर टोकदार पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात, त्याने वेत जास्त खरा दिसतो. पार्सलच्या खोलीत तराजूचा काटा, दोन पोती आणि आंब्याची नव्हे, डिसेंबर असल्यामुळे संत्र्यांची एक करंडी. तिला झाकण ठेवले की संत्री करावी लागत नाहीत.

सामान जमिनीला एकदम चिकटवू नये. आधी साध्या पाण्याने ओलसर करून नुसते ठेवावे, डोळ्यांच्या रेषेत वाकून खिडकीतून पाहावे. जे दिसत नाही ते काढून घ्यावे, जे अर्धे दिसते ते तसेच राहू द्यावे. घरात, आळीत, नात्यात कोणी रेल्वेतले वडीलधारे असतील तर फेव्हिकॉलची बाटली उघडण्यापूर्वी त्यांना बोलवावे. खुर्ची पुढे करावी, भिंग द्यावे, चहा ठेवावा आणि आपण गप्प बसावे. छप्पर कायमचे बसवू नये, सैलच ठेवावे. आणि ते काय सांगतील ते त्याच वेळी, खोलीच्या तळाच्या पुठ्ठ्यावर खालच्या बाजूने पेन्सिलीने लिहून ठेवावे : स्टेशन, साल, वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव.